रेंज भरपूर, तरी पैसे का अडकतात?

बचत गटांच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा हल्ली व्याजाच्या हिशेबाइतकाच एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, फोनवर चार काड्या दिसतात, तरी पैसे जात नाहीत. चाक नुसतं फिरत राहतं. आणि खालच्या वाडीत एकच काडी असते, तिथे मात्र पटकन जातात. हे कसं?" हा प्रश्न कुणी हौसेने विचारत नाही. बीसी सखीच्या मशीनवर पेन्शनसाठी अंगठा लावून बसलेली आजी, गणपतीत चाकरमान्यांना आमसुलं आणि फणसपोळी विकणारा गट, कर्जाचा हप्ता शेवटच्या दिवशी भरायला निघालेली ताई, सगळ्यांचं काम या काड्यांपाशी येऊन अडतं. त्यात एका ग्रामसंघाच्या सभेत गटांच्या पैशातून 'रेंज वाढवायचं यंत्र' आणावं असा विषय निघाला. बचतीतला पैसा घालायचा तर आधी दुखणं कुठे आहे ते कळायला हवं. म्हणून आजचं बोलणं रेंज आणि गोंगाट यांबद्दल.

आधी काडी काय सांगते ते बघू. टॉवरचा आवाज आपल्या फोनपर्यंत किती जोरात पोहोचतोय, एवढंच काडी सांगते. आजूबाजूला गोंगाट किती आहे, ते बहुतेक फोनची काडी सांगत नाही. शिमग्यात पालखी अंगणात आली, ढोल-ताशे सुरू झाले, की शेजारीण कानाशी येऊन ओरडली तरी काय म्हणतेय ते कळत नाही. तीच शेजारीण रात्री निजानीज झाल्यावर ओसरीवर कुजबुजली तरी शब्द न् शब्द समजतो. ओरडण्याचा जोर कुजबुजीपेक्षा कितीतरी जास्त होता, पण समजली ती कुजबुज. म्हणजे बोलणं समजायला नुसता जोर पुरत नाही. आवाज आणि गोंगाट यांच्यात अंतर लागतं. बिनतारी फोनचं सगळं गणित या अंतरावर चालतं.

काड्यांबद्दल आणखी एक लक्षात ठेवा. कुठल्या जोराला किती काड्या दाखवायच्या, याचा सगळ्या फोनना बांधलेला एकच नियम नाही. एकाच ओटीवर दोघींच्या फोनवर वेगवेगळ्या काड्या दिसतात त्या त्यामुळे. खरा आकडा बघायचा तर फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल माहिती' आणि तिथे 'सिमची स्थिती' उघडायची. बऱ्याच फोनमध्ये तिथे उणे ९५ डीबीएम असा काहीतरी आकडा दिसतो. डीबीएम हे रेंज मोजायचं माप आहे. आकडा उणे असतो, म्हणून जितका लहान तितका चांगला. उणे ८० म्हणजे जोर चांगला, उणे १०० म्हणजे चालण्यासारखा, उणे ११५ म्हणजे तुटायच्या बेतात.

या मापाची एक खुबी आहे. १० ने आकडा घसरला की जोर दहापट कमी होतो, २० ने घसरला की शंभरपट, ३० ने घसरला की हजारपट. उणे ७० आणि उणे १०० यांत दिसायला तीसचा फरक, पण जोर हजारपट कमी. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा जोरावर आपला फोन बोलणं समजून घेतो. तेव्हा एवढ्या बारीक आवाजाला गोंगाट किती सहज गिळून टाकत असेल, ते ध्यानात येईल.

आता गोंगाट येतो कुठून? तो तीन वाटांनी येतो.

पहिला गोंगाट अंगचा. कुठल्याही तारेतले, कुठल्याही यंत्रातले विजेचे कण उष्णतेने सतत हलत असतात. त्या हालचालीचीच एक बारीक सळसळ तयार होते. १९२८ मध्ये जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी ही सळसळ मोजून आणि गणिताने मांडून दाखवली. ती कुठल्याच यंत्रातून पुरती काढता येत नाही. फोन कितीही महागाचा घ्या, तळाशी हा गोंगाट राहणारच. टॉवरचा आवाज घसरत घसरत या तळाला टेकला, की बोलणं संपलं.

दुसरा गोंगाट माणसाच्या यंत्रांचा आणि आभाळाचा. ज्यांच्या घरी जुना रेडिओ आहे, त्यांना हा ओळखीचा आहे. मध्यम लहरीवर कार्यक्रम लावला आणि वीज चमकली की खर्रर्र होतं. शेजारी मिक्सर लागला, विजेच्या खांबावर सैल तार ठिणग्या टाकू लागली, की तीच खरखर. मध्यम लहरीत आवाज लहरींच्या उंचीत भरलेला असतो, आणि वीज नेमका त्या उंचीलाच धक्का देते. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये एफएमचे हक्क नोंदवले, त्यात आवाज उंचीत न भरता लहरींच्या वेगात, म्हणजे त्या किती दाट किंवा विरळ येतात त्यात भरला. उंची हलली तरी एफएम रेडिओ तिकडे लक्ष देत नाही. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे साधारण १०० वॅटच्या ताकदीची परवानगी असते. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ही ताकद, पण बोलणं भोवतालच्या गावांत स्वच्छ ऐकू येतं. ताकद तेवढीच ठेवून गोंगाटाचा त्रास कमी केला, तर काम होतं, याचं हे रोजचं उदाहरण.

तिसरा गोंगाट दुसऱ्यांच्या बोलण्याचा, आणि मोबाईलच्या बाबतीत हाच मोठा. फोरजीमध्ये एका कंपनीचे शेजारशेजारचे टॉवर बहुधा त्याच लहरींवर बोलतात. आपला फोन एका टॉवरचं ऐकत असतो, तेव्हा दुसऱ्या टॉवरचं त्याच लहरीवरचं बोलणं त्याच्यासाठी गोंगाटच. एका शाळेत दोन वर्गांमध्ये भिंत नसावी आणि दोन्हीकडे बाई एकाच वेळी पाढे म्हणून घेत असाव्यात, तशी गत.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. आपला तालुका कसा आहे बघा. शास्त्री आणि सोनवी यांचा संगम खाली खोलगटात, बाजूंनी डोंगर, आणि वर जांभ्याचे उघडे सडे. सड्यावर उभं राहिलं की लांबलांबचे टॉवर 'दिसतात', डोळ्यांना नाही तरी फोनला. एक टॉवर जोरात, दुसरा जवळजवळ तेवढ्याच जोरात, तिसरा थोडा कमी. काड्या भरपूर, पण सगळे एकदम बोलतात. फोनला कळेना कुणाचं काय. खालच्या वाडीत डोंगर आड येतो. आपल्या टॉवरचा आवाज तिथे बारीक होतो हे खरं, पण बाकीचे टॉवर पार झाकले जातात. एकच बारीक आवाज, आणि भोवती शांतता. म्हणून एका काडीवर हप्ता जातो आणि चार काड्यांवर चाक फिरत राहतं. अर्थात डोंगराने आपलाच टॉवर पुरता झाकला तर खालीही काही मिळत नाही. आड येणारा डोंगर कुणाला झाकतो, त्यावर सारं अवलंबून.

डोंगराच्या या आडोशाचा मोठा उपयोग आपल्याच महाराष्ट्रात केलेला आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या लहरी त्या ऐकतात. हे आवाज आपल्या मोबाईलच्या आवाजापेक्षाही कितीतरी बारीक. ते मोठे करणं माणसाच्या हातात नाही, कारण पाठवणारा तारा आपलं ऐकणार नाही. मग उरतं काय? गोंगाट कमी करणं. म्हणून मोठ्या शहरांपासून दूरची, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली. तिथल्या शास्त्रज्ञांना मोबाईलचे टॉवर आणि विजेच्या तारांवरच्या ठिणग्या यांची सतत काळजी घ्यावी लागते. एवढं मोठं यंत्र शेवटी शांततेवर चालतं.

आता गोंगाटासारखीच दिसणारी, पण वेगळी अशी दोन दुखणी. पहिलं गर्दीचं. गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी आले की गाव दुप्पट होतं. टॉवर तोच, आणि त्याला सगळ्यांना पाळीपाळीने वेळ द्यावा लागतो. रेशनच्या दुकानात धान्य असूनही रांग हलत नाही, तसं काड्या पुऱ्या आणि नेट संथ. शिवाय सगळेच टॉवर जास्त बोलू लागले की एकमेकांना गोंगाटही जास्त होतो. दुसरं दुखणं पावसाळ्याचं. मोबाईलच्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत, ओली गच्च झाडी थोडं अडवते. पण बरेच टॉवर एकमेकांशी तबकडीने जोडलेले असतात. त्या लहरी वेगळ्या, आणि मुसळधार पावसात त्या बऱ्याच विरतात. मग आपल्या फोनला टॉवर जोरात ऐकू येतो, काड्या पुऱ्या, पण टॉवरचाच पुढे कुणाशी संपर्क नाही. अशा वेळी जागा बदलून फायदा नसतो, थांबावं लागतं.

गोंगाट वाढला की फोन करतो काय? १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या गणितज्ञाने एक सूत्र मांडलं. एका वाटेवरून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती नीट जाईल, हे दोन गोष्टींवर ठरतं: वाट किती रुंद आहे, आणि आवाज गोंगाटाच्या किती पट आहे. पाठवणाऱ्याचा नुसता जोर त्या सूत्रात कुठेच नाही. जोर नेहमी गोंगाटाने भागून येतो. म्हणून फोन आणि टॉवर सतत एकमेकांना विचारत असतात, "समजतंय का?" समजत असेल तर भरभर बोलतात. नसेल तर सावकाश, एकेक शब्द सुटा करून. निरोप बिघडला तर पुन्हा पाठवतात. या पुन्हापुन्हात बँकेने दिलेली वेळ संपते, आणि आपल्याला दिसतं 'व्यवहार अयशस्वी'. बीसी सखी काही चुकीचं करत नसते. अर्थात अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असणं किंवा बँकेचं सर्व्हर बंद असणं हीही कारणं असतात. दर वेळी दोष रेंजचाच असतो असं नाही.

आता त्या यंत्राकडे येऊ. बाजारात बूस्टर म्हणून जी स्वस्त यंत्रं मिळतात, ती ऐकू येईल ते सगळं मोठं करतात. त्यांना टॉवरचं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे कळत नाही. समजा एका घरात आवाज उणे १०५ आहे आणि गोंगाट उणे ११०. अंतर पाचाचं. यंत्राने दोन्ही चाळीसने वाढवले. आवाज झाला उणे ६५, गोंगाट झाला उणे ७०. त्यात यंत्राची स्वतःची सळसळ मिळाली, गोंगाट उणे ६९ झाला. पाचाचं अंतर चारावर आलं. फोनवर काड्या मात्र पुऱ्या! आंबलेल्या आमटीत पाणी घातलं तर आमटी वाढते, आंबटपणा जात नाही, तसलाच हा प्रकार.

याहून वाईट पुढे आहे. हे यंत्र टॉवरच्या दिशेनेही ओरडतं, आणि स्वतःचा गोंगाट टॉवरच्या कानात भरतं. टॉवरला मग लांबच्या वाडीतल्या फोनचं बारीक बोलणं ऐकू येईनासं होतं. एका घराच्या काड्या वाढतात आणि चार वाड्यांचे व्यवहार अडतात. म्हणूनच परवान्याशिवाय असं यंत्र विकणं, बाळगणं किंवा बसवणं आपल्या देशात बेकायदा आहे. मोबाईल कंपनीने स्वतः नीट मोजून बसवलेलं उपकरण ही वेगळी गोष्ट. पण गटाच्या बचतीतून बाजारातलं यंत्र आणण्यात पैसाही जातो आणि कायदाही आडवा येतो. ग्रामसंघापुढे आम्ही हेच मांडलं, आणि ठरलं की आधी मोजायचं.

मोजणं सोपं आहे. बचत गटाची पंचसूत्री आपण पाळतोच, त्यात हिशेबाची वही आलीच. तिच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: जागा, वेळ, डीबीएमचा आकडा, आणि व्यवहार झाला की नाही. फोनच्या ॲपच्या दुकानात रेंज मोजायची फुकट ॲप मिळतात. त्यांपैकी काहींत 'एसआयएनआर' किंवा 'एसएनआर' असा आणखी एक आकडा दिसतो. आवाज आणि गोंगाट यांतलं अंतर ते हेच. २० च्या वर असेल तर उत्तम, १० ते २० मध्ये काम होतं, १० च्या खाली रखडतं, आणि शून्याखाली गेलं की काड्या असूनही भरवसा नाही. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी, असं तीन वेळा आठवडाभर लिहा.

मग वही स्वतःच बोलू लागते. डीबीएम चांगला पण अंतर कमी, तर दुखणं गोंगाटाचं. दोन्ही कमी, तर टॉवर लांब किंवा आड. दोन्ही चांगले पण पहाटे काम होतं आणि संध्याकाळी होत नाही, तर गर्दी. दोन्ही चांगले आणि दिवसभर बंद, तर टॉवरच्या पुढे काहीतरी तुटलंय.

आणि औषधही त्याप्रमाणे. गोंगाट असेल तर उंच जागा शोधत फिरू नका, आडोसा शोधा. जांभ्याच्या जाड भिंती लहरी बऱ्याच अडवतात. समाजमंदिराच्या एका बाजूच्या पडवीत बसलं की भिंत दुसऱ्या टॉवरला झाकते, आणि अंतर वाढतं. बाजू बदलून मोजा, दहा पावलांत फरक पडतो. टॉवर लांब असेल तर उलट करा: खोलीतून बाहेर या, पत्र्याखालून निघा, खिडकीशी बसा. पत्रा लहरींना जवळजवळ भिंतच असतो. गर्दी असेल तर हप्ते आणि पेन्शनची वेळ सकाळची ठेवा. त्या ग्रामसंघाने मोजून झाल्यावर बीसी सखीची बैठक आतल्या खोलीतून पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात आणली. त्याला खर्च आला तो एका टेबलाचा.

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत वायफाय असेल, तर तिथेही हाच नियम. वायफायच्या जुन्या, २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या तिघांनी एकच वाट धरली तर तिघांचंही संथ चालतं. ब्लूटूथ याच पट्ट्यात, आणि खाणं गरम करायची मायक्रोवेव्ह भट्टीही इथेच गोंगाट करते. ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटा जास्त आणि गर्दी कमी, पण भिंतीपलीकडे तो लवकर विरतो. वायफायची पेटी लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजमागे ठेवू नका, खोलीच्या मध्ये, उंचावर ठेवा. आणि जिथे वायफाय नीट चालतं, तिथे फोनमधली 'वायफाय कॉलिंग' सोय चालू केली तर बोलणंही त्यावरून होतं.

तक्रार करायची तर 'रेंज नाही' एवढंच सांगू नका. आपल्या कंपनीच्या १९८ या क्रमांकावर फोन करून जागा, वेळ आणि आकडे सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या. पाच गटांनी आकड्यांसह केलेली तक्रार 'नेट चालत नाही' म्हणून झटकून टाकता येत नाही.

शेवटी पैशांचं. व्यवहार मध्येच अडकला, खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोहोचली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी शिल्लक बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि दुकानदाराला पाठवलेले किंवा अंगठ्याच्या मशीनवर अडकलेले पाच दिवसांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. मशीनची अयशस्वी पावतीही जपून ठेवा. आणि इंटरनेट अजिबात चालत नसेल तर *९९# हा क्रमांक फिरवून साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. त्यात निरोप बारीक असतो, म्हणून थोडक्या रेंजवरही तो बऱ्याचदा पोहोचतो.

पुढच्या बैठकीला येताना वहीचं ते मागचं पान भरून आणा. गटागटांची पानं एकत्र ठेवली की आपल्या तालुक्यात कुठे टॉवर हवा, कुठे नुसता आडोसा पुरेल आणि कुठे वेळ बदलून भागेल, ते आपल्यालाच दिसेल. मग बचतीतला रुपया कुठे घालायचा, ते सभेत ठरवू.